उमेदवार ‘बाहेरचा’ म्हणून अर्ज बाद होतो?

दर निवडणुकीला हा निरोप फिरतो: ‘समोरचा नवा उमेदवार आपल्या मतदारसंघाचा मतदारच नाही, अर्ज बाद होणार.’

तसं होत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार विधानसभेच्या उमेदवाराचं नाव त्या राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत चालतं. म्हणजे कर्नाटकात निपाणीचा मतदार बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात उभा राहू शकतो. चंदगडचा नाही, त्याचे सगळे पै-पाहुणे इकडचे असले तरी. ती यादी महाराष्ट्राची. गोंधळ बहुधा सूचकांमुळे, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्यांमुळे होतो. ते मात्र त्याच मतदारसंघातले लागतात, अपक्षाला 10.

खात्री करायचीय? उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कुणालाही पाहता येतं. मतदारसंघ, यादीभाग, अनुक्रमांक सुरुवातीलाच लिहिलेले असतात. मतदारयादीशी ताडून पाहा.