सह्याद्रीतल्या दरडी : जुईपासून इर्शाळवाडीपर्यंत

२६ जुलै २००५ म्हटले की मुंबईचा महापूर आठवतो. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर उतरला आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली, हे रायगडबाहेर फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

दरड सगळ्या राज्याला कळली ती ३० जुलै २०१४ ला. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला सकाळी आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना. १५१ जण मृत्युमुखी पडले.

सह्याद्रीत काळ्या पाषाणावर मुरूम-मातीचा थर असतो. सततच्या पावसाचे पाणी त्यात मुरते, थर जड होतो आणि खालच्या खडकावरची पकड सुटते. माळीणच्या वेळी डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या पडकईकडे, म्हणजे भातखाचरे पाडण्याच्या कामाकडे, बोट दाखवले गेले. कारण खरे असेल, पण अपुरे आहे. घोड नदीच्या खोऱ्यातली सपाट जमीन डिंभे धरणाखाली गेल्यावर आदिवासी शेतकऱ्याला उतारावर न चढून चालणार कसे?

२२ जुलै २०२१ ला महाडमधल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पाटणच्या मिरगाव, आंबेघरवर आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या पोसरेवरही दरडी आल्या. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकर आदिवासींची वस्ती, इर्शाळवाडी. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते.

यादीत नाव असले तरी काय होते? पावसाळ्यात स्थलांतराची नोटीस येते, शाळेत सोय होते. पण जुलै म्हणजे भातलावणी. गुरे गोठ्यात आणि आवण (लावणीची भातरोपे) शेतात टाकून घरातली सगळी माणसे शाळेत जाऊन बसत नाहीत. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. त्या महिन्याची लावणी चुकली तर वर्षभराचा भात जातो, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो.

पुनर्वसनाची तऱ्हा वेगळीच. तळिये आणि इर्शाळवाडीचे लोक आधी कंटेनरमध्ये राहिले. माळीणकरांना आमडे येथे पक्की घरे मिळाली, एप्रिल २०१७ मध्ये उद्घाटनही झाले. ती जागा डोंगरउतार कापून, भराव टाकून सपाट केलेली होती. जूनच्या पहिल्याच जोरदार पावसात तिथले रस्ते खचले.