सर्दीच्या गोळीतले फेनिलएफ्रिन

केमिस्टकडे ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटले की जी पट्टी हातात पडते, ती उलटून वाचा. बारीक अक्षरांत बहुधा तीन नावे सापडतात: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, शिंका आणि वाहत्या नाकासाठी क्लोरफेनिरामाइन, आणि चोंदलेले नाक मोकळे करायला फेनिलएफ्रिन. वाद या तिसऱ्याचा आहे.

औषध मुळात खोटे नाही. ते रक्तवाहिन्या आकसवते. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिल्यावर आईचा रक्तदाब झपकन उतरतो, तेव्हा भूलतज्ज्ञ अनेकदा हेच शिरेतून देतात. डोळ्याचा पडदा तपासण्याआधी थेंब घालून बाकावर बसवून ठेवतात ना, त्या थेंबांतही बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइडच्या जोडीला ते अनेकदा असते. थेट नाकात फवारले तरी सूज उतरते. घोळ आहे तो पोटात घेण्यात. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याचे असे विघटन होते की मूळ रूपात एक टक्काही धड रक्तापर्यंत पोहोचत नाही.

मग गोळीत त्याचे एवढे प्रस्थ का? नाक मोकळे करणारी आधीची दोन औषधे गेली म्हणून. फेनिलप्रोपॅनोलामाइनमुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दिसल्यावर अमेरिकेने 2000 मध्ये ते मागे घ्यायला लावले. भारतात बंदी यायला 2011 उजाडले. दुसरे स्यूडोएफेड्रिन. नाक खरोखर मोकळे करणारे, पण त्यापासून मेथ हा अमली पदार्थ बनवता येतो. (त्याचेच भावंड असलेल्या एफेड्रिनचा टनावारी साठा 2016 मध्ये सोलापुरात पकडला गेला होता.) अमेरिकेत 2006 पासून स्यूडोएफेड्रिन काउंटरमागे गेले, ओळखपत्र दाखवून, नोंदवहीत सही करून घ्यावे लागते. एवढी कटकट कोण करणार? कंपन्यांनी गोळीत 10 मिलिग्रॅम फेनिलएफ्रिन घातले. त्याला 1976 मध्येच तज्ज्ञ समितीची पसंती मिळालेली होती, तीही जुन्या, लहानसहान चाचण्यांच्या भरवशावर.

सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 16 विरुद्ध 0 मतांनी ठरवले की या मात्रेत गोळीचा उपयोग होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रशासनाने ते मान्य घटकांच्या यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. फवारा त्यात नाही.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन-फेनिलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला सांगितले. तो मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा होता. मोठ्यांच्या गोळीने नाक सुटते का, हा प्रश्न त्यात आलाच नाही.