मेंदू-ऊती प्रक्रिया व प्रतिमांकन सुविधा

मेंदूची ऊती टिकवणे, तिचे पातळ काप काढणे, ते रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या प्रतिमा घेणे ही कामे अनेक प्रयोगशाळांना एकाच ठिकाणी करता यावीत म्हणून उभारलेली सामायिक व्यवस्था. चांगल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची (दाट ऊतीतील एकेका पातळीची स्पष्ट प्रतिमा घेणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) किंमत कोटींच्या घरात जाते आणि एकट्या प्रयोगशाळेला तो रोज दिवसभर लागतोच असे नाही. म्हणून संस्था तो मध्यवर्ती ठेवतात, वेळ आगाऊ नोंदवून घेतात आणि तासावर आकार लावतात. नाव होते ते सूक्ष्मदर्शकाचे. प्रतिमा बिघडते ती मात्र बहुधा त्याआधीच, ऊतीच्या टेबलावर.

मेंदू मऊ आणि पाणीदार असतो. मृत्यूनंतर त्याचे विघटन लगेच सुरू होते, म्हणून प्राण्यांवरील प्रयोगात ४ टक्के फॉर्माल्डिहाइडचे द्रावण थेट रक्तवाहिन्यांतून सोडतात. अखंड मानवी मेंदू फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातील द्रावणात, बुडवला, तर ते गाभ्यापर्यंत मुरायला आठवडे जातात. गोठवून कापायचा मेंदू आधी ३० टक्के साखरेच्या द्रावणात ठेवतात. नाहीतर बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. उंदराचा मेंदू सुरुवातीला तरंगतो आणि साखर मुरली की एकदोन दिवसांत तळाशी बसतो. पाकातल्या गुलाबजामची खूण तीच. मग उणे २० अंशांच्या आसपास ठेवलेल्या क्रायोस्टॅट या कापणी यंत्रात साधारण ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाहून पातळ काप निघतात. पात्याला बारीक खाच असली, तर प्रत्येक कापावर त्याच जागी रेघ उमटते. गुंडाळू पाहणारा काप ब्रशच्या टोकाने सपाट करून काचपट्टीवर घेणे हे सरावाच्या हाताचे काम. ते नवख्याला पहिल्या दिवशी जमत नाही. पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचे काप आणखी पातळ, ४-५ मायक्रॉनचे असतात. ऊती गोठवायचीच नसेल, तर थरथरत्या पात्याचा व्हायब्राटोम वापरतात.

रंगवल्याशिवाय कापात फारसे काही दिसत नाही. कामिल्लो गोल्जी याने १८७३ मध्ये शोधलेल्या चांदीच्या अभिरंजनाचे वैशिष्ट्य असे, की ते मोजक्याच चेतापेशींना रंगवते, पण त्या मुळापासून शेंड्यापर्यंत दाखवते. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. गोल्जीला चेतापेशींचे एकसंध जाळे दिसले; हीच पद्धत वापरून रामोन इ काहाल याने त्या सुट्या पेशी आहेत असा विरुद्ध निष्कर्ष काढला आणि १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची कल्पनाही मेंदूच्या दाट ऊतीत डोकावण्याच्या धडपडीतून आली: पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ओळखल्या गेलेल्या मार्विन मिन्स्की याने १९५७ मध्ये तिच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला. १९९० मध्ये ऊतीत आणखी खोलवर पाहू शकणारा द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक आला. २०१३ मधील क्लॅरिटी पद्धतीने ऊतीतील मेद काढून उंदराचा अख्खा मेंदू पारदर्शक करता आला. तरी कापणे थांबले नाही. त्याच वर्षी जर्मनी व कॅनडातील गटांनी प्रसिद्ध केलेल्या 'बिगब्रेन' या त्रिमितीय नकाशासाठी एका ६५ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूचे २० मायक्रॉनचे ७,४०४ काप घेतले होते.

भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदू ऊतींचे भांडार आहे, ते डॉ. एस. के. शंकर यांनी उभे केले. तेथील संग्रहालयात सामान्य माणसाला खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरमध्ये गोठवणे, कापणे, रंगवणे, स्कॅन करणे ही सगळी साखळी एका छताखाली आहे. तेथे तयार झालेला 'धरणी' हा गर्भावस्थेतील मेंदूचा त्रिमितीय नकाशा डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. दुसऱ्या तिमाहीतील गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ काप त्यात असून तो सर्वांना विनामूल्य पाहता येतो. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथे सामायिक सूक्ष्मदर्शक सुविधा आहेत. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणे बाहेरच्या संशोधकांनाही मिळावीत म्हणून जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम हे संकेतस्थळ सुरू झाले.