'आर्क्टिक': टपालाच्या घाईतली आगबोट

'आर्क्टिक' बुडाली ती २७ सप्टेंबर १८५४ रोजी, धुक्यात टक्कर होऊन. पण तिची गोष्ट सुरू होते टपालाच्या कंत्राटापासून. अटलांटिकवरच्या टपालात ब्रिटिशांच्या क्युनार्ड कंपनीचा दबदबा होता. तो मोडायला अमेरिकी सरकारने जहाजमालक एडवर्ड कॉलिन्सला वर्षाला ३,८५,००० डॉलर देऊ केले. १८५२ मध्ये हा आकडा ८,५८,००० वर गेला. एवढा पैसा घेतल्यावर बोटी वेगात पळवणे आलेच.

कॉलिन्सच्या चार जुळ्या बोटींपैकी ही एक. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंना अजस्र चाके, आत राजेशाही थाट. एका कप्प्यातले पाणी दुसऱ्यात जाऊ न देणाऱ्या आडव्या भिंती मात्र नव्हत्या.

लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाताना, न्यूफाउंडलंडच्या केप रेसजवळ दाट धुके असूनही ती भरवेगात होती. समोरून 'व्हेस्टा' आली, कोळ्यांना मायदेशी नेणारी छोटी लोखंडी फ्रेंच बोट. तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, चुराडा झालेला पाहून कप्तान ल्यूस यांनी आधी तिच्याच मदतीला होडी धाडली. आपल्याच बोटीला पाण्याखाली भोके पडल्याचे मागाहून कळले. बाहेरून शीड ओढून भोक झाकायचा प्रयत्न झाला, पण 'व्हेस्टा'च्या लोखंडाचा तुकडा लाकडात अडकून बाहेर आला होता. शीड घट्ट बसेना. मग किनाऱ्याकडे धाव. पाणी भट्ट्यांपर्यंत चढले, आग विझली, चाके थांबली.

बोटीवर सुमारे ४०० माणसे. होड्या सहा, त्यात जागा जेमतेम १८० जणांची, आणि त्यातल्या बहुतेक खलाशांनी बळकावल्या. जेमतेम ८५ वाचले. त्यात एकही बाई नाही, एकही मूल नाही. कॉलिन्सची बायको आणि दोन मुले गेली. ल्यूस बोटीबरोबर खाली ओढले गेले आणि वर आले. चाकावरचे लाकडी आच्छादनही सुटून उसळले, ते त्यांच्या लहानग्या मुलाला लागून तो तिथेच गेला. त्याच आच्छादनावर तरंगत बाप वाचला.

आणि 'व्हेस्टा'? नाळेमागची भिंत टिकली, तिला गाद्या-फळ्यांचा टेकू दिला, आणि ती सेंट जॉन्स बंदरात सुखरूप पोचली.

पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या आगबोटींसाठी वेगळे मार्ग सुचवले. सरकारी चौकशी मात्र झालीच नाही. १८५६ मध्ये 'पॅसिफिक' ही दुसरी जुळी बोट बेपत्ता झाली, पुढे टपालाचे पैसे कापले गेले आणि १८५८ मध्ये कॉलिन्सने गाशा गुंडाळला.