पिकअपखाली शिरण्याआधी
बोलेरो पिकअपसारखी गाडी रिकामी असली तरी दीड टनाच्या वर भरते. एवढं ओझं एकटा माणूस बॉटल जॅकने (बाटलीच्या आकाराच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकने) उचलू शकतो, ते पास्कलच्या नियमामुळे: कोंडलेल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. लहान दट्ट्याचा व्यास 1 सेंटीमीटर आणि मोठ्याचा 3 असेल, तर क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. त्याआधी दांड्याच्या तरफेने तो दहापट केलेला असतो. घर्षण सोडलं, तर हाताचा 20 किलोचा जोर 1800 किलो होऊन निघतो.

हाच हिशेब उलटा करा. मोठ्या दट्ट्यावर 900 किलो आले, तर तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सव्वाशे किलोंच्या पुढे जातो. कारच्या टायरमध्ये तो दोन किलोंच्या आसपास असतो. हा दाब अडवून धरतात ते सील आणि झडपेतली छोटीशी गोळी. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला, की तेल मागे फिरतं आणि गाडी खाली येते. म्हणून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. उचललेल्या गाडीखाली आधाराला ठेवायच्या पोलादी जॅक स्टँडमध्ये तेल नसतंच; ओझं पोलादी दातावर किंवा आरपार पिनवर असतं.

गाडी सरकण्याचा धोका मात्र पटकन ध्यानात येत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची बाजू उचलली, की दोन्हींचा उपयोग संपला. एकच मागचं चाक उचललं तरी गिअरवर भिस्त नको: डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) अधांतरी चाकाला उलटं फिरू देतो आणि टेकलेलं चाक गडगडू शकतं. तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, तेही जॅक लावण्याआधी. हौदा रिकामा हवा, जमीन सपाट आणि टणक. उन्हाने मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. विटा रचून तर कधीच आधार देऊ नये. पोलाद आधी वाकतं, वीट एकदम फुटते.

स्टँड जोडीने, एकाच उंचीवर: चॅसीखाली (गाडीच्या पोलादी सांगाड्याखाली) किंवा मागची चाकं जोडणाऱ्या ॲक्सलच्या नळीखाली, स्प्रिंगच्या पाट्यांजवळ. चॅसीखाली लावले तर ॲक्सल लोंबतो, म्हणून गाडी जास्त वर घ्यावी लागते. जॅक सावकाश सोडून ओझं स्टँडवर आलं, की बाहेर उभं राहूनच गाडी हाताने जोरात हलवून पाहा. डगमगली तर पुन्हा उचला, स्टँड नीट बसवा. काढलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवून ठेवा.