शाळा परकी वाटू लागते तेव्हा

गोव्यात मुलांच्या मारामाऱ्यांची चर्चा मोबाईल आणि अमली पदार्थांपाशीच थांबते. वर्गात त्या मुलाचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

अभ्यासकांनी ते फार पूर्वी विचारलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्विन सीमन यांनी १९५९ मध्ये परात्मतेची, म्हणजे आपण परके झालो असं वाटण्याची, पाच अंगं मांडली. आपल्या हातात काही नाही, यात अर्थ नाही, नियम पाळून उपयोग नाही, या भावना त्यांतल्याच. गुन्हेगारीचे अभ्यासक ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या पाहणीतून दाखवलं की शाळा नकोशी असलेली, शिक्षकांच्या मताची पर्वा न करणारी मुलं गुन्ह्यांकडे अधिक वळतात. नॉर्वेत १९८२ मध्ये तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर पुढच्याच वर्षी शाळांतल्या दादागिरीविरुद्ध देशभर मोहीम निघाली.

आपल्याकडची कहाणी वेगळी आहे. १९६३ च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि बहुजनांच्या घरांतली पहिली पिढी पाटीवर अक्षरं गिरवू लागली. ही शाळा गावाची होती. पण चौथी झाली की मूल हायस्कुलात जातं आणि बहुतेक ठिकाणी तिथे सगळे विषय इंग्रजीतून. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरतं ठेवलं गेलं, २०११ पासून ते इंग्रजी शाळांनाही मिळू लागलं. दोन्ही वेळा भांडण अनुदानाचं झालं. चौथीत भराभर हात वर करणारं, पाचवीत मान खाली घालून बसणारं पोर त्या भांडणात कुठेच नव्हतं. घरी कन्नड बोलणाऱ्या, वास्कोच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला तर हा धक्का दोनदा बसतो. भाषा बदलली म्हणून कुणी हिंसक होत नाही, हे खरंच. पण उत्तर येत असून बोलता येत नाही, वर हसं होतं, नापासाचा शिक्का बसतो. मग वर्गात न मिळालेला मान पोर मैदानात, बसस्टॉपवर मुठीने मिळवू पाहतं.

त्यात छडी होतीच. मोठ्यांनी मारलेलं योग्य, हा धडा कित्येक पिढ्यांना शाळेनेच दिला. गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली, शिक्षणहक्क कायद्याच्या कितीतरी आधी. तरी ‘दोन लावल्याशिवाय सुधारत नाहीत’ असं पालकच मास्तरांना सांगतात, आणि मुलं ते ऐकत असतात.

आता समुपदेशक आहेत. पण त्यांच्याकडे मूल पाठवलं जातं ते बहुधा आठवी-नववीत, मारामारी झाल्यावर. पाचवीत गप्प झालेल्या मुलाची तक्रार कुणी करत नाही.