३/४ आणि ६/८ : टाइम सिग्नेचरचे आकडे आले कुठून?

स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) सुरुवातीला टाइम सिग्नेचर, म्हणजे लयीचं माप सांगणारी खूण असते. तिथे सी अक्षरासारखी खूण दिसली की तो ‘कॉमन टाइम’चा सी, असं बहुतेक क्लासमध्ये सांगतात. खरं तर ते अक्षरच नाही. ते मोडलेलं वर्तुळ आहे.

१३व्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या फ्रँको या संगीतशास्त्रज्ञाने स्वराच्या आकारावरून त्याची लांबी ठरवण्याचे नियम मांडले. त्यात तीन भागांची विभागणी ‘पूर्ण’ मानली होती, आणि त्यासाठी ख्रिस्ती त्रिमूर्तीचा दाखला दिला जाई. दोन भाग म्हणजे अपूर्ण. १३२०च्या सुमारास फ्रान्समध्ये नवी पद्धत आली. ती संगीतकार फिलिप द व्हित्रीच्या नावावर सांगितली जाते. तिने दोनाला तिनाच्या बरोबरीचं स्थान दिलं. पुढे याच विभागण्यांसाठी खुणा रुळल्या. (ब्रीव्ह, सेमिब्रीव्ह, मिनिम ही उतरत्या लांबीच्या स्वरांची नावं.) पूर्ण वर्तुळ असेल तर एका ब्रीव्हचे तीन सेमिब्रीव्ह, अर्धवर्तुळ असेल तर दोन. आत टिंब असेल तर प्रत्येक सेमिब्रीव्हचे तीन मिनिम, नसेल तर दोन. आजच्या भाषेत टिंबासह वर्तुळ म्हणजे ९/८, नुसतं वर्तुळ ३/४, टिंबासह अर्धवर्तुळ ६/८ आणि नुसतं अर्धवर्तुळ २/४. (ब्रीव्ह म्हणजे मुळात ‘छोटा’. शतकानुशतकं त्याहून बारीक स्वर येत गेले, आणि आज हा ‘छोटा’ इतका लांब झालाय की क्वचितच छापला जातो.)

आकडे आले ते मात्र गुणोत्तर म्हणून. ओळीच्या मध्येच ३/२ लिहिलं, तर आधीच्या दोन स्वरांच्या वेळात आता तसेच तीन म्हणायचे. १७व्या शतकात बारलाइन (ओळीचे ‘बार’ नावाचे भाग पाडणाऱ्या उभ्या रेघा) नियमित पडू लागल्या, जुन्या खुणा मागे पडल्या आणि ही तुलना सेमिब्रीव्हशी जोडली गेली. म्हणून ३/४ म्हणजे सेमिब्रीव्हच्या चौथ्या हिश्शाचे, म्हणजे क्रॉचेटचे, तीन स्वर एका बारमध्ये. खालचा आकडा ठोके मोजत नाही. तो स्वराचं माप सांगतो.

हे निसटलं की गणिताचा मोह होतो. ३/४ आणि ६/८, दोन्हींत सहा क्वेव्हर (क्रॉचेटच्या निम्म्या लांबीचे स्वर) मावतात, मग फरक काय? फरक वजनाचा. ३/४मध्ये तीन बीट, प्रत्येकी दोन क्वेव्हर: २+२+२. ६/८मध्ये दोनच बीट, प्रत्येक बीट डॉटेड क्रॉचेटचा, म्हणजे तीन क्वेव्हरचा: ३+३. आपल्याकडचा दादरा ताल आठवा, धा धी ना | धा ती ना. त्याची विभागणी ६/८च्या जवळची. ६/८ वाजवताना सहा सारखे ठोके मोजले की झोका जातो आणि चाल जड होते. एक आणि चार यांवरच पाय आपटावा.

पण इथेच आकड्यांची मर्यादाही उघडी पडते. रूपक ताल म्हटलं की ३+२+२ हे नावातच आलं. ७/८ एवढंच लिहिलं तर २+२+३ की ३+२+२, हे क्वेव्हर कसे जोडून लिहिलेत त्यावरून ओळखावं लागतं. बल्गेरियन लयींवर रचना करताना हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने म्हणूनच वरच्या आकड्याच्या जागी ९ न लिहिता सरळ ४+२+३ लिहिलं, आणि खाली ८.